घटना स्वतंत्र आहेत असे माना

मे महिन्यात आमच्या साताऱ्याच्या घरात दोन कार्यं एकाच आठवड्यात निघाली. रविवारी मुलीचं लग्न आणि गुरुवारी पुतणीचा संख्याशास्त्राचा पेपर. लग्नाची तयारी सहा महिने चालली होती. पेपरची तयारी लग्नाच्या याद्या संपल्या की सुरू करायची, असं पुतणीचं ठरलं होतं. ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि मी ३४ वर्षं बँकेत काढली आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण घरच्यांनी तो लावला. ‘काकांना आकडेमोड येते’ असा ठराव माझ्या गैरहजेरीत मंजूर झाला आणि अक्षतांच्या पुड्यांशेजारी तिची वही येऊन पडली.

संभाव्यतेच्या गणितांतलं जग फार सज्जन असतं. तिथे एका पिशवीत ५ लाल आणि ३ निळे चेंडू असतात. कोणीतरी येतो, पिशवीत न पाहता हात घालतो, एक चेंडू काढतो आणि निमूट परत ठेवतो. आमच्या घरात आजवर कोणी पिशवीतून न पाहता काही काढलेलं नाही. माझी आई मंडईत पावशेर भेंडी घेताना प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघते. भाजीवाला ओरडायला लागला की म्हणते, “घेणार आहे रे, ओरडतोस काय!” यादृच्छिक निवड म्हणजे काय हे तिला समजावायला गेलो, तर ती म्हणाली, “न बघता घ्यायचं? मग डोळे कशाला दिलेत देवाने?”

चेंडू संपले की पत्ते येतात. इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. आमच्या लहानपणी पत्त्यांना हात लावला तर पाठीत धपाटा बसे. आता त्याच पत्त्यांवर पाच गुणांचा प्रश्न येतो आणि तो सोडवला नाही म्हणून धपाटा बसतो. पण पुस्तकाचाही नाइलाज आहे, कारण या शास्त्राचं मूळच जुगारात आहे. १६५४ साली शेवालिए द मेरे नावाच्या फ्रेंच गृहस्थाला कोडं पडलं होतं. एक फासा ४ वेळा टाकून निदान एकदा सहा पडेल यावर पैज लावली तर फायदा होतो, मग दोन फासे २४ वेळा टाकून निदान एकदा दोन्हीवर सहा पडतील यावर लावली तर का होत नाही? पास्कल आणि फेर्मा या दोन थोर गणितींनी एकमेकांना पत्रं लिहून अशा प्रश्नांचा निकाल लावला. पहिल्या पैजेत जिंकण्याची संभाव्यता सुमारे ०.५१८, दुसरीत सुमारे ०.४९१. निम्म्याच्या जरा अलीकडे आणि जरा पलीकडे, एवढाच फरक. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं तर आई वाती वळता वळता म्हणाली, “धर्मराजाला हे कोणी लिहून पाठवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.”

आईला महाभारत पाठ असल्यामुळे तिने लगेच नळाची गोष्ट काढली. ऋतुपर्ण राजा रथातून चाललेला. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. राजा दोन फांद्यांकडे बघतो आणि सांगतो, यांवर एवढी पानं आणि २०९५ फळं आहेत. सारथी झालेल्या नळाला ते खरं वाटत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि फळं मोजतो. बरोबर तेवढीच भरतात. “म्हणजे प्रॅक्टिकल केलं त्याने,” पुतणी म्हणाली. “आणि राजाला स्वयंवराला जायची घाई होती तरी केलं,” आई म्हणाली. घरात लग्न असलं तरी अभ्यासाला सुट्टी नाही, एवढाच तिचा मुद्दा होता.

झाडावरून आम्ही आंब्यांवर आलो, कारण त्याच दिवशी मी हापूसची पेटी आणली होती. पेटी चार डझनांची. विकणाऱ्याने वरचा पेंढा बाजूला करून चार आंबे दाखवले. चारही असे तेजस्वी, की मी खालचे बघायलाच विसरलो. घरी आल्यावर ४८ मधले ६ डागी निघाले. पुतणीने लगेच वही उघडली. ४८ आंब्यांत ६ खराब, पेटीतले ४ न पाहता काढले तर चारही चांगले निघण्याची संभाव्यता किती? आपण आंबे परत पेटीत ठेवत नाही, म्हणून हे द्विपद वितरण नव्हे, अतिगुणोत्तरी. उत्तर आलं ०.५७५. म्हणजे अशा पेटीतून खरोखर न पाहता चार काढले असते, तर १०० तल्या ४२ वेळा एक तरी डागी हाताला लागला असता आणि मी सावध झालो असतो. “पण त्याने न पाहता काढलेच नव्हते,” ती म्हणाली. सूत्र चुकलं नव्हतं. वरचा थर नमुना म्हणून धरला, तिथे मी चुकलो. तो नमुना नव्हता, जाहिरात होती.

हे सगळं मला इतकं आवडलं की मी पुढचं गणित आपण होऊन मागितलं. प्रश्न असा : १० प्रश्नांची परीक्षा आहे, प्रत्येकाला ४ पर्याय. विद्यार्थ्याने काही अभ्यास केलेला नाही, तो अंदाजाने खुणा करतो. निदान ४ बरोबर आले तर पास. पास होण्याची संभाव्यता काढा. हे मात्र अस्सल द्विपद. याकोब बेर्नुलीने या वितरणावर अनेक वर्षं घालवली आणि त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ साली छापलं गेलं. आमच्या पुतणीने उत्तर आठ मिनिटांत काढलं : ०.२२४. शून्य अभ्यासावर १०० तले २२ पास! मी तिला म्हटलं, ही गोष्ट परीक्षेआधी मुलांना कळू देणं बरं नव्हे.

तेव्हा ती म्हणाली, “काका, खालची ओळ वाचा.” गणिताच्या खाली, विम्याच्या कागदावर अटी छापतात तशा बारीक टायपात, एक ओळ होती. ‘घटना स्वतंत्र आहेत असे माना.’

आता समजा, असे १० अडाणी विद्यार्थी आहेत आणि प्रत्येक जण स्वतःच्या बुद्धीने अंदाज करतो. सरासरी दोन-सव्वादोन पास होतील. दहाच्या दहा पास होण्याची संभाव्यता एक कोटीत तीन. पण तेच दहा जण पहिल्या बाकावरच्याचं बघून लिहायला लागले तर? सरासरी तीच, सव्वादोनची. मात्र आता एक तर दहाही पास होतात किंवा दहाही नापास. दहाही पास होण्याची संभाव्यता एक कोटीत तीन होती ती १०० त २२ झाली. सरासरी बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. दिसतं ते पसाऱ्यात, म्हणजे ज्याला पुस्तकात प्रचरण म्हणतात त्यात. बँकेत आम्हाला हे अनुभवाने ठाऊक होतं. एकाचं कर्ज थकलं तर त्याची अडचण असते. एकाच गल्लीतल्या दहांची थकली तर त्यांना एकच जामीनदार असतो.

नंतरची दुपार प्वासाँने खाल्ली. हे वितरण क्वचित घडणाऱ्या गोष्टींसाठी असतं. प्वासाँ साहेबांनी ते १८३७ साली कोर्टातल्या निवाड्यांवरच्या पुस्तकात मांडलं, पण ते गाजलं घोड्यांमुळे. १८९८ साली बोर्टकिएविच नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून किती शिपाई मेले याचा हिशेब छापला. १० पथकं, २० वर्षं, म्हणजे २०० नोंदी, एकूण मृत्यू १२२. ज्यांत एकही मृत्यू नाही अशा नोंदी १०९, सूत्राने येतात १०८.७. एक मृत्यू असलेल्या ६५, सूत्राने ६६.३. घोड्यांनी प्वासाँ वाचलेला नव्हता, तरी लाथा सूत्राप्रमाणे मारल्या. कारण एकच : एक घोडा दुसऱ्याला विचारून लाथ मारत नाही. एका पथकात एका वर्षी चार जण गेले, अशीही एक नोंद आहे. त्या वर्षी तिथे कोणी ना कोणी नालाला, खराऱ्याला किंवा ग्रहांना दोष दिलाच असेल. सूत्र म्हणतं, २०० नोंदींत असं एखादं वर्ष निघालं तर नवल नाही.

मी हे सूत्र माझ्या वामकुक्षीला लावलं. दुपारी आमच्या दाराची घंटा तासाला सरासरी २ वेळा वाजते. मग तासभर अखंड झोप मिळण्याची संभाव्यता ०.१३५. अर्ध्या तासाची ०.३६८. आयुष्यभर मी तासभर झोपायचा हट्ट धरून बसलो आणि मिळाली नाही म्हणून चिडत राहिलो. आता मी अर्ध्या तासाचीच अपेक्षा ठेवतो आणि तिसऱ्या दिवशी एकदा तरी समाधानी उठतो. लग्नाच्या आठवड्यात मात्र प्वासाँ दारातच थबकला. एक आत्या आली की तिच्या मागोमाग तिची जाऊ, जावेला पोचवायला तिचा मुलगा, आणि मुलाला घंटा दाबायची हौस. घोड्यांचं बरं असतं, त्यांना नातेवाईक नसतात.

अखेर शुक्रवारी आचारी आले. साठीचे गृहस्थ, पांढरी टोपी, कानावर पेन्सिल. ओट्यावर बसून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “सायेब, पानं किती धरायची?”

मी तयारीतच होतो. पत्रिका गेल्या होत्या ४०० माणसांना. आमच्याकडच्या मागच्या तीन कार्यांचा अनुभव असा, की १० तले ७ येतात. पुतणीला हाक मारली. तिने तिथल्या तिथे मांडलं : एन ४००, पी ०.७, अपेक्षा २८०. प्रमाण विचलन म्हणजे ४०० गुणिले ०.७ गुणिले ०.३ याचं वर्गमूळ, ९.२. एन एवढा मोठा असला की द्विपद वितरण घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वितरणासारखं दिसायला लागतं. हे द म्वाव्हर याने १७३३ सालीच दाखवून ठेवलं आहे. मग दोन विचलनं इकडे, दोन तिकडे : २६२ ते २९८. १०० लग्नांतल्या ९५ लग्नांत आकडा यातच पडणार. मी आचाऱ्यांना जाहीर केलं, “तीनशे धरा. त्याच्या वर गेलं तर माझं नाव बदला.”

आचारी काही बोलले नाहीत. पेन्सिल कानावरून काढून पुन्हा कानावर ठेवली. मग म्हणाले, “पत्रिकेवर काय छापलंय?”

काय छापणार? सगळे छापतात तेच. सहकुटुंब, सहपरिवार.

“मंग मानसं कशाला मोजताय? घरं मोजा की. घरातला थोरला निघाला तर समदं घर निघतंय. त्यो रुसला तर पोरंबी येत न्हाईत.”

पुतणीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. आम्ही स्वतःच्या हाताने ४०० लोकांना छापील विनंती केली होती की बाबांनो, स्वतंत्र घटना होऊ नका. तिने वहीचं पान उलटलं. पाच-पाच माणसांची ८० घरं, प्रत्येक घर येण्याची संभाव्यता ०.७. अपेक्षा तीच, २८०. विचलन ९.२ चं २०.५ झालं. आता २४० ते ३२०.

“गावाकडनं गाडी हाय का?”

होती. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या मूळ गावाहून भावकीसाठी एक बस ठरवली होती, ५० जणांची. “गाडी सुटली तर पन्नास, न्हाई सुटली तर भोपळा,” आचारी म्हणाले. पुतणीने ५० वेगळे काढले, उरलेली ७० घरं मांडली, दोन्हींची प्रचरणं मिळवली, वर्गमूळ घेतलं. ३०. आता २२० ते ३४०. अपेक्षा तशीच २८० वर मांडी ठोकून बसलेली. हलत होता तो पसारा. आचाऱ्यांच्या दर प्रश्नाला माझं अज्ञान दहा-दहा पानांनी वाढत होतं.

“तिथ दाट हाय. त्या दिशी गावात आनिक किती लग्नं हायेत?”

इथे पुतणीने वही मिटली. ‘काकू, चहा,’ एवढंच म्हणाली. आमची ही इतका वेळ दारात उभी राहून ऐकत होती. चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, “मी कधीची सांगते, आचाऱ्यांना विचारा. पण तुम्हाला बँकेचा अनुभव!”

जेवणावळीला आकडेशास्त्र लागतं, हे आमच्या जिल्ह्याला खरं तर नवं नसावं. याच सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे. नमुना पाहणीच्या शास्त्रात त्यांचं नाव जगभर घेतलं जातं आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत ते वर्षानुवर्षं संख्याशास्त्राचं काम बघत होते. एकाच माणसाची अन्नाची गरजही रोज सारखी नसते, दिवसागणिक कमीजास्त होते, असं त्यांनी हिरिरीने मांडलं. म्हणजे किती माणसं येतील हे कळून भागत नाही. आलेला माणूस कोणत्या दिवशी आलाय, तेही बघावं लागतं. आचाऱ्यांनी सुखात्मे वाचलेले नव्हते. ते इतकंच म्हणाले, “गाडीतनं आल्याली मानसं ज्यादा जेवत्यात.”

मग त्यांनी आपला निर्णय सांगितला. अडीचशे पानांचं शिजवायचं. आणखी नव्वद पानांचा शिधा कच्चा आणून ठेवायचा. तांदूळ धुतलेला, कणीक पिंपात, चुलीवर पाणी उकळतं. जिलेबी तेवढी आधी करावी लागते, ती तीनशेची. बस पुलापाशी आली की एका पोराने फोन करायचा. “भात वीस मिनिटांचा हाय सायेब. आदीच शिजवून ठिवायची घाई कशाला?” दोन सूत्रं आणि एक वर्गमूळ मिळून जे सांगू शकले नाहीत, ते त्यांनी सांगितलं. आकडा माहीत नसेल तर तो ओळखायच्या भरीस पडू नये, कळेपर्यंत तांदूळ कोरडा ठेवावा.

रविवारी अक्षता पडल्या आणि फोन आला. बस आली होती. ती ५० जणांची होती, उतरले ६३. मांडीवर बसलेल्यांची मोजणी आम्ही कोणीच केली नव्हती. दुसरी चूल पेटली. शेवटची पंगत उठली तेव्हा पानं झाली ३२७. मसालेभात पुरला, अळूची भाजी पुरली, जिलेबी शेवटच्या पंगतीला एकेकच वाढली. ती गोष्ट माझ्या मोठ्या आत्याने अजून सोडलेली नाही.

रात्री मांडवात सतरंजीवर आडवे होऊन आम्ही दोघांनी हिशेब पुन्हा मांडला. माझ्या पहिल्या गणिताप्रमाणे, म्हणजे ४०० सुटी माणसं धरून, ३२७ हा आकडा अपेक्षेपासून पाच विचलनं दूर होता. असं लग्न लाखो लग्नांत एखादं निघालं तर निघेल. घरं धरून आणि बस आली हे धरून अपेक्षा २९५, विचलन १९ : शंभर लग्नांत पाचेक वेळा. आणि बसमध्ये ६३ होते हे धरलं तर अपेक्षा ३०८. मग ३२७ म्हणजे फक्त एका विचलनाचं अंतर, साधारण सहा लग्नांत एकदा. फासा टाकावा आणि सहा पडावा, इतकी साधी गोष्ट. तेच लग्न, तीच माणसं, तीच जिलेबी. चमत्कार झाला नव्हता, मी खालची ओळ वाचली नव्हती, इतकंच.

गुरुवारी पुतणी पेपर देऊन आली. हातपाय धुवायच्या आधीच म्हणाली, “काका, द्विपदवर आला होता. १०० बिया पेरल्या, प्रत्येक उगवण्याची संभाव्यता ०.९, निदान ९५ उगवतील याची संभाव्यता काढा.”

“सोडवलंस?”

“सोडवलं. पण लिहिताना वाटत होतं, बिया एकाच वाफ्यातल्या असल्या आणि त्या वाफ्याला पाणीच पोचलं नसलं तर?”

मला भरून आलं. ३४ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला जे कळलं नव्हतं, ते या पोरीला एका लग्नात कळलं होतं.

“मग लिहिलंस का ते?”

“नाही,” ती म्हणाली. “खाली छापलं होतं, घटना स्वतंत्र आहेत असे माना. आणि काका, प्रश्न पाचच गुणांचा होता.”